मदत हवी आहे: सीटी नॉर्मल होता, तरी अंगावरून वारं गेलं? गोळ्या, गिळणं आणि खांद्याबद्दल शंका

तिस्कवासी:
सासूबाई, वय ६७, वजन ५२ किलो, राहणार फोंडा. रक्तदाब जुना, मधुमेह नाही. रात्री दहाला जेवून नीट झोपल्या. सकाळी साडेसहाला पाहिलं तर तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा, काहीही विचारलं की नुसतं "हां, हां". सीटीत काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी एमआरआयचा रिपोर्ट आला: लेफ्ट एमसीए टेरिटरी इन्फार्क्ट (म्हणजे मेंदूच्या डाव्या मधल्या धमनीचा रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग). गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलेलं नाही. आज नववा दिवस, घरी आहेत. धरून चालतात, हात मात्र हलत नाही.

शंका अशा: सीटी चुकला का? पाय सुधारला, मग हात का नाही? पाण्याने ठसका लागतो, पेजेनेही लागतो, तर द्यायचं काय? उजवा खांदा खूप दुखतो, तेल लावून जोरात चोळावा का? शेजारच्या काकांनाही हाच आजार झाला होता. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी सक्त मना आहे आणि आमच्याकडे तीच चालू आहे. कोणाचं बरोबर?

मांडवीकाठ:
सीटी चुकलेला नाही. पहिला सीटी काढतात तो मुख्यतः मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहायला. ताजं सांडलेलं रक्त त्यात लगेच पांढरं दिसतं. रक्तपुरवठा तुटलेला भाग मात्र पहिले काही तास शेजारच्या भागासारखाच करडा दिसतो, काळपट पडायला वेळ लागतो. एमआरआयच्या डिफ्युजन चित्रात तोच भाग काही मिनिटांत उजळून निघतो. म्हणजे पहिल्या सीटीने 'रक्तस्राव नाही' एवढं सांगितलं, आणि त्या घडीला तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

इंजेक्शनचं घड्याळ साडेसहाला सुरू होत नाही. माणूस शेवटचा धड दिसला तिथून ते मोजतात, म्हणजे रात्री दहापासून. मर्यादा साडेचार तासांची. ती उलटल्यावर मेलेल्या भागात रक्त परत जोरात शिरलं, तर नाजूक झालेल्या वाहिन्या फुटतात. झोपेत आलेल्या स्ट्रोकमध्ये एमआरआयच्या दोन चित्रांची तुलना करून काही निवडक रुग्णांना तरीही देता येतं. मोठ्या धमनीत गाठ अडकली असेल, तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून ती ओढून काढतात. हे सहा तासांपर्यंत करतात, काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही.

आता हात आणि पाय. मेंदूतून निघालेले हालचालीचे बहुतेक तंतू मानेच्या वर, लंबमज्जेच्या (मेंदूच्या देठाचा सगळ्यात खालचा भाग) खालच्या टोकाला बाजू बदलतात, म्हणून डावीकडे बिघडलं की उजवं अंग जातं. मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर चेहरा, हात आणि (डावीकडे) भाषा यांची जागा असते. ही सगळी एमसीए, म्हणजे मधल्या धमनीच्या रक्तावर जगते. पायाची जागा आतल्या बाजूला, दोन अर्धगोलांच्या फटीत, आणि तिला पुढची धमनी रक्त देते. तुमच्याकडे पुढची धमनी शाबूत आहे, म्हणून पाय सावरला.

"हां, हां" म्हणजे वेड लागलेलं नाही, बहिरेपणही नाही. ही भाषेची इजा आहे, तिला अफेझिया म्हणतात. मोठ्याने बोलून उपयोग नाही. लहान वाक्य, एका वेळी एकच गोष्ट, समोर वस्तू धरून विचारा, आणि उत्तराला दहा-पंधरा सेकंद द्या. "हो" म्हणत असतील तरी होकार गृहीत धरू नका; हाताच्या खुणेने पडताळा.

एक राहिलं. कारण काय सापडलं? इन्फार्क्टची मूळं साधारण तीन: मानेतल्या किंवा डोक्यातल्या मोठ्या धमनीत साठलेली चरबी, हृदयातून सुटलेली गाठ, आणि रक्तदाब-मधुमेहाने बुजलेल्या बारीक वाहिन्या. तिसऱ्या प्रकारात डाग लहान असतो, सहसा १५ मिलिमीटरच्या आत, खोलवर, आणि भाषा बहुधा वाचते. इथे भाषा गेली आहे, तेव्हा संशय पहिल्या दोघांवर. मानेचा डॉप्लर (धमन्यांची सोनोग्राफी), इको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (दिवसभर चालणारा ईसीजी) यांत काय आलं?

तिस्कवासी:
कार्ड पुन्हा नीट वाचलं. डॉप्लर: विशेष अडथळा नाही. होल्टर: पॅरॉक्सिझमल एएफ. सध्या अ‍ॅस्पिरिन, एटोर्वास्टेटिन (कोलेस्टेरॉलची) आणि रक्तदाबाची गोळी. खाली लिहिलंय, बाराव्या दिवसापासून अपिक्साबान (रक्त पातळ करणारी) ५ मिग्रॅ दोन वेळा, तेव्हा अ‍ॅस्पिरिन बंद.

मांडवीकाठ:
मग कोडं सुटलं. एएफ म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साचतं, गोठतं, आणि गाठ सुटली की सरळ मेंदूकडे जाते. एएफने स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो. पॅरॉक्सिझमल म्हणजे अधूनमधून होणारं, म्हणून साध्या ईसीजीत ते निसटतं. अपिक्साबान बाराव्या दिवसापर्यंत थांबवण्याचं कारण: डाग मोठा असेल तर फार लवकर सुरू केल्यास त्यातच रक्त झिरपण्याची भीती. डाग लहान असला तर याहून आधीही सुरू करतात.

साळावली:
गोळ्यांबद्दल. काकांना बहुधा मेंदूत रक्तस्राव झाला असावा. तिथे वाहिनी फुटते, इथे तुंबली. नाव एकच, पण उपचार उलटे. एकाच्या कार्डावरून दुसऱ्याने गोळी सुरू किंवा बंद करणं म्हणजे आजाराला आमंत्रण.

अपिक्साबानमध्ये हमखास होणारी चूक: वजन कमी म्हणून घरीच अर्धी गोळी. डोस २.५ वर आणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) १.५ किंवा जास्त. तुमच्याकडे वजनाची एकच अट बसते. बाकी दोन्ही बसत नसतील तर पूर्ण ५. क्रिएटिनिन रिपोर्टात बघून घ्या. या औषधाचा असर दिवसभरात ओसरतो, त्यामुळे "आज राहू दे" चालत नाही. एक वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, पण पुढच्या वेळी दोन एकदम नाहीत.

आणि खांद्यासाठी फार्मसीतून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका. अपिक्साबानबरोबर पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल बरं. गिळता येत नसेल तर अपिक्साबान कुटून चालतं. रक्तदाबाच्या गोळीच्या नावामागे एक्सएल, एसआर किंवा ईआर असेल तर ती कुटू नका, पूर्ण दिवसाचं औषध एकदम सुटेल. डॉक्टरांकडून पर्याय मागा.

आबोली:
पेजेने ठसका लागणारच, त्यात नवल नाही. उकड्या तांदळाच्या पेजेत वर निवळ आणि खाली शीत, म्हणजे एका घासात दोन पोत. दुबळ्या घशाला हे सगळ्यात कठीण: शीत चावेपर्यंत निवळ श्वासनळीत घसरते. साधं पाणी आणि सोलकढीही तशीच पळते. पेज मिक्सरमधून घोटून एकजीव करा. नाचणीचं तिजान (लापशी) गुठळी नसेल तर उत्तम, घट्ट डाळ, मऊ दहीही चालेल. पाणी घट्ट करायची पावडर मिळते, पण किती घट्ट हे स्पीच थेरपिस्ट घास तपासून ठरवतो. ती तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात करा, तोवर ठसका लागणारं काहीही तोंडाने नको.

खुर्चीत ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलि. गिळल्याचं पाहून पुढचा चमचा. उजव्या गालात घास अडकून राहतो, बोटाने किंवा ओल्या कापडाने काढा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. दात दोनदा घासा, कारण फुप्फुसात जाणारी लाळ जेवढी घाण, तेवढा न्यूमोनिया वाईट. ठसका न लागताही पाणी आत जाऊ शकतं. जेवणानंतर आवाज घरघरीत, ओला झाला किंवा ताप आला, तर थांबवा आणि दाखवा.

खांदा: स्नायू लुळे असले की हाताचं वजन सांधा खाली ओढतं, खांद्याच्या टोकाखाली बोटभर खळगा दिसतो. चोळायला हरकत नाही, पण हलक्या हाताने, ओढाताण नको. उठवताना काखेत हात घालून किंवा तो हात धरून कधीच ओढू नका. कंबरेला पट्टा बांधून त्याला धरा. बसल्यावर कोपर ते बोटं उशीवर, झोपल्यावर खांद्याखाली पातळ उशी. हात सुजला, लाल झाला, बोटांना नुसता स्पर्शही सहन होईना, तर थांबायचं नाही, फिजिओला सांगा.

तिस्कवासी:
घोटलेली पेज आज थोडी दिली, ठसका नाही लागला. उद्या स्पीच थेरपिस्टची वेळ घेतली आहे. घरी नाडी बघत राहावं का? आणि पुन्हा झालं तर?

मांडवीकाठ:
नाडी बघा, पण एकदा नियमित लागली म्हणून एएफ गेलं असं नाही. रक्तदाबाचं यंत्र अनियमित नाडीत चुकतं, तीन वेळा घेऊन सरासरी लिहा, शक्यतो उजव्या दुबळ्या हातावर नको.

पुन्हा काही दिसलं, दहा मिनिटांत बरं झालं तरी, १०८ ला फोन करा. आल्या आल्या साखर तपासायला सांगा, कारण साखर उतरली तरी अगदी असंच दिसतं. जवळच्या दवाखान्यात सीटी नसेल तर तिथे थांबू नका, फोंड्याहून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) लांब नाही. काणकोणहून तेच अंतर साठ किलोमीटरच्या वर होतं, तिथल्या माणसाने तर पाच मिनिटंही घालवू नयेत. जिभेखाली रक्तदाबाची कॅप्सूल फोडून ठेवायची नाही, नाकात थेंबही नाहीत. अपिक्साबानची शेवटची गोळी कधी घेतली ते कागदावर लिहून बरोबर न्या, इंजेक्शन द्यायचं की नाही ते डॉक्टर त्या वेळेवरूनही ठरवतात.