बालगृहातील दोन भावंडे आमच्या घरी येणार आहेत. आधी कोणती तयारी करावी?

माणगंगा:
नमस्कार. आमच्या घरी आम्ही दोघे, चौदा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे आहोत. फॉस्टर केअर, म्हणजे मूल दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळणे (सरकारी कागदांतले प्रतिपालकत्व), यासाठी आम्ही जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज केला होता. गृहभेट आणि चौकशी पार पडली असून, सध्या बालगृहात असलेल्या दहा वर्षांच्या मुलाविषयी आणि त्याच्या सात वर्षांच्या बहिणीविषयी आमच्याशी बोलणे चालू आहे. मुलांची ओळख पटेल असे काही लिहीत नाही. एवढेच सांगते की घरातल्या मारहाणीमुळे ती बालकल्याण समितीसमोर (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) आली आणि त्यांची आई हयात आहे. मुलगा जेवताना पोळ्या खिशात घालतो व रात्री अंथरूण ओले करतो, तर मुलगी कोणालाही केसांना हात लावू देत नाही, असे समुपदेशक बाईंनी स्पष्टपणे सांगितले आहे. सासूबाईंनी होकार दिला आहे, पण ‘कुणाची कोण पोरे, आपल्याला लळा लागायचा आणि उद्या आई येऊन घेऊन जायची’ हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणतात. आम्ही त्यांना काय उत्तर द्यावे, आणि मुख्य म्हणजे पहिले काही महिने कसे निभवावेत?

कृष्णाकाठ:
आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा मुलगा आला. त्याच्या गादीखाली बुरशी आलेल्या पोळ्या सापडल्या, तेव्हा मी त्याला ‘आपल्या घरात खायला कमी नाही’ हे समजावून सांगण्यात महिनाभर घालवला, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. ज्याने उपाशी रात्री काढल्या आहेत त्याचा बोलण्यावर विश्वास बसत नाही. शेवटी त्याच्या नावाचा एक स्टीलचा डबा केला, त्यात लाडू, शेंगदाणे, चिवडा भरून तो त्याच्या उशाशी ठेवला, आणि तो डबा रिकामा झाला तर न विचारता भरायचा, त्यावरून एक शब्दही काढायचा नाही, असे घरात ठरवले. पहिल्या आठवड्यात तो दिवसातून दोनदा रिकामा होत असे. साधारण पाच महिन्यांनी त्यातले लाडू खवट झालेले मला दिसले; त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

अंथरुणाखाली मेणकापड घाला आणि चादर बदलण्याचे काम सकाळी कोणाच्या डोळ्यांदेखत करू नका. पाहुण्यांसमोर तर तो विषय चुकूनही काढू नका. मुलीचे केस तिचे तिलाच विंचरू द्या. जट झाली तरी चालेल.

आमची खरी चूक मात्र स्वतःच्या मुलीच्या बाबतीत झाली. तिची वही फाडली गेली, तिचा कंपास हरवला, आणि प्रत्येक वेळी आम्ही तिला ‘तू समजूतदार आहेस ना’ असे म्हणत राहिलो. वर्षभराने तिने विचारले, ‘समजूतदार नसते तर तुम्ही माझ्याकडे पाहिले असते का?’ तुमच्या मुलीचे एक कपाट कुलपाचे असू द्या, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ केवळ तिची.

परिविक्षा_निवृत्त:
मी या विभागात काम केले आहे, म्हणून कायद्यापुरते लिहितो. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 नुसार भावंडांना शक्यतो एकत्रच ठेवायचे असते, त्यामुळे ‘आधी एकाला आणून पाहू’ असा विचार करू नका. त्याच कलमाप्रमाणे बालकल्याण समितीने मुले ठेवलेल्या घराची दरमहा पाहणी करायची असते. तिला झडती समजू नका, अडचणी सांगण्याची ती हक्काची जागा आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेखाली फॉस्टर केअरसाठी दर मुलामागे दरमहा 4000 रुपये मिळतात. राज्याच्या बालसंगोपन योजनेचे 2250 रुपये हा वेगळा विषय आहे, लोक दोन्हींची सरमिसळ करतात.

तुमच्या सासूबाई जे म्हणतात ते खरेच आहे, आणि त्यांना ते खोटे आहे असे सांगू नये. केंद्राच्या 2024 च्या फॉस्टर केअर मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षांच्या सांभाळानंतर दत्तकाचा विचार होऊ शकतो, पण त्यासाठी मूल कायदेशीररीत्या मुक्त, म्हणजे दत्तक देता येईल असे समितीने जाहीर केलेले, असावे लागते. आई सावरली तर मुले तिच्याकडे परत जाणे हेच या व्यवस्थेचे यश आहे. तिला मुलांना भेटण्याची मुभाही असते, समितीला ते मुलांच्या हिताविरुद्ध वाटले तरच ती नाकारली जाते. त्या भेटीच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी मुलगा आदळआपट करील. म्हणून भेटी बंद करा असा आग्रह धरू नका, आणि आईविषयी त्याच्या कानावर पडेल असे वाईट बोलू नका.

उंबरठा:
आमचा अनुभव उलट आहे, तो कोणी सहसा लिहीत नाही म्हणून लिहितो. आम्ही एका मुलीला सात महिन्यांनी परत पाठवले. ती खोटे बोलत असे; ‘मला उपाशी ठेवतात’ असे तिने शाळेतल्या बाईंना सांगितले, चौकशी झाली, आणि माझ्या वडिलांना तो अपमान सहन झाला नाही. आज वाटते की ती आम्ही तिला कधी हाकलतो याचीच वाट पाहत होती आणि आम्ही तिचा अंदाज खरा ठरवला. त्यामुळे सासूबाईंचा होकार तुमच्या आग्रहाखातर असेल, तर आत्ताच थांबा. मुले येण्याआधी नकार दिलात तर त्यांना तो कळणारही नाही.

माणगंगा:
सर्वांचे आभार. सासूबाईंना हे सगळे वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग ‘डबे दोन लागतील’ एवढेच म्हणाल्या. एक व्यवहाराचा प्रश्न राहिला: शाळेत प्रवेश घेताना आमचे आडनाव लावले तर मुलांना कमी प्रश्न विचारले जातील का?

परिविक्षा_निवृत्त:
लावू नका. नाव आणि आडनाव त्यांचे तेच राहील. प्रवेशासाठी समितीच्या आदेशाची प्रत सोबत न्या, आणि ती फक्त मुख्याध्यापकांना दाखवा, वर्गशिक्षकांमार्फत वर्गात पोहोचू देऊ नका.