हेल्मेट वाटलं म्हणजे साईट सुरक्षित झाली का?

ओळंबा:
मी साईट इंजिनियर आहे. माझं सरळ म्हणणं आहे, हेल्मेट आणि उंचीवर बांधायचे सेफ्टी बेल्ट वाटले की मालकाची जबाबदारी संपत नाही. आधी पडायच्या जागा बंद करा, म्हणजे स्लॅबच्या कडेला रेलिंग, लिफ्टच्या शाफ्टला गेट, डक्टवर, म्हणजे पाईप न्यायला स्लॅबमध्ये सोडलेल्या भोकावर, पक्कं झाकण. माझ्या डोळ्यादेखत झालेलं सांगतो. डक्टवर नुसता प्लाय टाकलेला, खिळा नाही, रंग नाही. एका पोराला सांगितलं तो प्लाय तिकडे ने, त्याने दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला, आता पुढचं काय दिसणार, एक पाऊल टाकलं आणि दोन मजले खाली. वाचला, पण पुन्हा चालला नाही. डोक्यावर नवीन हेल्मेट होतं. त्याची काय चूक, सांगा ना.

ठेकेदार२०:
वाईट झालं, पण सगळं मालकावर ढकलणं पटत नाही. २० वर्षं काम करतोय, बेल्ट दिला की खिळ्याला टांगून ठेवतात, म्हणे हात चालत नाही. रेलिंग लावलं की माल वर घ्यायला हे कामगारच ते काढतात आणि परत लावत नाहीत. प्रत्येकाच्या मागे मी उभा राहू का? दंड लावा, दोनदा सापडला की गेटच्या बाहेर.

ओळंबा:
साहेब, रेलिंग काढतात कारण माल घ्यायला वेगळी, गेटवाली जागा ठेवलेली नसते. आणि बेल्ट अडकवायचा कुठे ते कुणी दाखवतं का? हिशोब करा, बेल्टची दोरी १.८ मीटर, शॉक अॅब्सॉर्बर (झटका कमी करणारी, पडताना उलगडणारी पट्टी) उघडला की अजून मीटरभर, मग माणसाची उंची आणि थोडी मोकळी जागा, म्हणजे हुकापासून खाली साधारण साडेपाच मीटर लागतात. पहिल्या मजल्यावर पायाशी हुक लावून काम करणारा बेल्टसकट जमिनीवर आपटणार. तिथे रेलिंगच पाहिजे.

घमेलं:
मी सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायचं, काम केलंय म्हणून बोलतो, दंड चालू झाला की लोक लपवायला लागतात. पायात खिळा घुसला तरी चिंधी बांधून गप्प बसतो माणूस, मुकादमाला कळलं तर हजेरी जाईल म्हणून. वरून पाना निसटला, कुणाला लागला नाही, तर ते कुणी सांगतच नाही, आणि पुढच्या वेळी तोच पाना डोक्यात बसतो. शिवाय काम उक्तं असतं भाऊ, बेल्ट काढून-अडकवून जो वेळ जातो तो आमच्या खिशातून जातो. तेवढा वेळ मोजून पैसे द्या, मग बघा घालतात की नाही.

ठेकेदार२०:
रेट सगळ्यात कमी लावणाऱ्याला काम मिळतं, मग मी ते कुठून देऊ?

ओळंबा:
हे मात्र खरं आहे, आणि म्हणूनच मी काम देणाऱ्या वरच्या मालकाला धरतोय. टेंडरमध्ये सेफ्टीची रक्कम वेगळी दाखवा, तिच्यावर स्पर्धाच नको.

थापी:
खोदाईचं कुणीच बोललं नाही. घनमीटरभर मातीचं वजन दीड टनाच्या वर जातं, छातीपर्यंत गाडला गेला तरी माणूस श्वास घेऊ शकत नाही. अमेरिकेत ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याचा, नियम आहे, पक्का खडक नसेल तर ५ फूट किंवा त्याहून खोल चराला आधार द्यायचा नाहीतर बाजू उताराच्या करायच्या, आणि काढलेली माती कडेपासून २ फूट लांब. आपल्याकडे... जाऊ दे. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) १९८८ च्या १६७ क्रमांकाच्या करारात तर जिवावर बेतेल असं दिसलं तर तिथून बाजूला व्हायचा हक्क कामगाराला दिलाय. तो हक्क मुकादमाने पहिल्याच दिवशी तोंडाने सांगायला हवा.

ठेकेदार२०:
काम थांबवायचा हक्क दिला की रोज कुणीतरी थांबवेल, आणि दंडाबद्दलचं माझं मतही बदललेलं नाही. पण झाकणांचं पटलं, उद्याच खिळे ठोकून घेतो.

घमेलं:
ठोकाच साहेब. आणि झाकणावर नुसतं लिहू नका, वाचता न येणारे पण असतात आमच्यात. लाल रंगाची मोठी फुली मारा.