यशवंतराव चव्हाण : सत्तेवरच्या माणसाचा स्वभाव कसा जोखावा?

प्रश्न | कोयनाकाठ

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एका विषयावर चर्चा होते आणि येत्या महिन्यात यशवंतराव चव्हाणांवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेणे अवघड नाही. द्वैभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य, पंचायत राज्याचा कायदा, सहकारी साखर कारखाने, पुढे केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चारही मोठी खाती, ही यादी सर्वांना पाठ आहे. मला त्या यादीमागच्या माणसाविषयी बोलायचे आहे. पदावर असताना त्यांच्या स्वभावातील कोणती गोष्ट कामाला आली आणि कोणती आड आली, हे कशाच्या आधारे ठरवावे?

प्रश्न घरातूनच आला आहे. आजोबांच्या बैठकीत यशवंतरावांची तसबीर होती आणि ते त्यांचा उल्लेख फक्त 'साहेब' असा करत. आईचे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तुरुंगात गेलेले. ते आमच्याकडे आले की त्या तसबिरीकडे पाठ होईल अशा बेताने बसत. फलटणच्या सभेत १९५५ साली यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचे नेतृत्व मोठे मानले, ही गोष्ट त्यांनी अखेरपर्यंत माफ केली नाही. दोघेही प्रामाणिक होते आणि दोघांनीही तो काळ डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून दोघांपैकी एकाला चूक ठरवून मला मोकळे होता येत नाही.

प्रतिसाद १ | घाटमाथा

माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा गुण होता तो विरोधकाचे पूर्ण ऐकून घेण्याचा. १९५६ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंच्या सरकारने मुंबईत गोळीबार केला, माणसे मेली, आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला ४३ वर्षांचे यशवंतराव अशा राज्याचे मुख्यमंत्री झाले, जे मराठी जनतेला नको होते. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. अशा वेळी एखादा मुख्यमंत्री पोलिसांच्या बळावर राज्य चालवतो. यशवंतरावांची रीत वेगळी होती, हे पाहायचे असेल तर ३० नोव्हेंबर १९५७ हा दिवस घ्यावा. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी पंतप्रधान नेहरू येणार होते आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने वाई व पसरणी घाटाच्या रस्त्यावर काळी निशाणे घेऊन हजारो माणसे उभी केली होती. निदर्शने झाली, समितीने ती शांततेने पार पाडली, सरकारने ती चिरडली नाहीत आणि पंतप्रधानांना मराठी माणसाचे मन घाटाच्या वळणावळणावर स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. त्यानंतर अडीच वर्षांत राज्य झाले. श्रेय अर्थातच लढणाऱ्यांचे आहे. परंतु दिल्लीचे मन वळवण्याचे काम आतून करणारा माणूस हवा होता आणि तो यशवंतरावांच्या रूपाने मिळाला.

दुसरा गुण माणसे हेरण्याचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, तेव्हा पुनर्वसनाचे काम त्यांनी स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार सनदी अधिकाऱ्यावर सोपवले. साहित्य संस्कृती मंडळ काढले तेव्हा अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना बसवले. ज्याला जे जमते ते त्याच्या हाती द्यावे आणि मग त्यात लुडबूड करू नये, ही शिस्त राज्यकर्त्यांत फार क्वचित आढळते.

दोष मात्र याच स्वभावातून आला असे मला वाटते. सर्वांना बरोबर घेण्याच्या सवयीमुळे दिल्लीत त्यांना वेळेवर एक बाजू धरता आली नाही. जुलै १९६९ मध्ये काँग्रेसच्या बंगळूरच्या बैठकीत त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींच्या बाजूने, म्हणजे इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध मत दिले आणि काही महिन्यांत पक्ष फुटला तेव्हा ते इंदिराजींच्या बाजूला उभे राहिले. 'कुंपणावरचे' हा शिक्का बसला तो बसलाच.

प्रतिसाद २ | जुना वाचक

'घाटमाथा' यांचे पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत, तिसरा नाही. सर्वांचे ऐकणारा माणूस निर्णयाला कचरतो, हे गृहीतक १ सप्टेंबर १९६५ च्या दुपारी टिकत नाही. त्या दिवशी पाकिस्तानी रणगाडे जम्मूकडच्या छांब भागात घुसले होते आणि अखनूरचा पूल धोक्यात आला होता. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले आणि त्यांनी विमाने वापरण्याची परवानगी मागितली. तीन वर्षांपूर्वी चीनबरोबरच्या युद्धात सरकारने हवाई दलाची लढाऊ विमाने वापरलीच नव्हती, आणि आता ती वापरली तर लढाई कुठवर पेटेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. यशवंतरावांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता काही मिनिटांत होकार दिला आणि साधारण तासाभरात पठाणकोटहून विमाने उडाली. पहिल्याच संध्याकाळी आपली चार विमाने पडली. जो होकार आपण दिला त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते, हे त्याच दिवशी समोर आले, तरी पुढचे तीन आठवडे त्यांचा हात थरथरला नाही. त्या दिवसांत ते रोजनिशी लिहीत असत. ती वाचणाऱ्याला त्यांची काळजी दिसते, पण घोटाळलेले मन दिसत नाही.

म्हणून मी दोषाची मांडणी निराळी करतो. जिथे जबाबदारी पदाची होती तिथे ते ठाम होते. जिथे पणाला स्वतःचे स्थान होते, तिथे ते घुटमळत. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींच्या निधनानंतर नेतृत्वाचा प्रश्न आला तेव्हा, १९६९ मध्ये, आणि सर्वांत जास्त जुलै १९७९ मध्ये हेच दिसले. विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला, सरकार गेले, राष्ट्रपतींनी सरकार बनवण्यासाठी पहिले निमंत्रण त्यांनाच दिले, आणि चार दिवसांत त्यांना संख्या जमवता आली नाही. त्यानंतर चरणसिंगांच्या हाताखाली उपपंतप्रधानपद स्वीकारणे, तेही लोकसभेला सामोरे न गेलेल्या सरकारात, ही त्यांच्या आयुष्यातील मला सर्वांत दुखणारी गोष्ट आहे. पोरवयात सत्याग्रहासाठी तुरुंगात गेलेला हा माणूस आणीबाणीत परराष्ट्रमंत्री म्हणून गप्प राहिला, त्याचेही उत्तर मला याच जागी सापडते.

प्रतिसाद ३ | वैनगंगा

'जुना वाचक' यांची कसोटी चांगली आहे, पण मूळ प्रश्नातील फलटणच तिच्यात बसत नाही. फलटणला पणाला काय होते? त्यांचेच स्थान. आपल्याच जिल्ह्यातील लोक आपल्यावर उलटतील हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. तरीही ते जाहीर सभेत बोलले आणि पुढची कित्येक वर्षे 'सूर्याजी पिसाळ' अशा शिव्या खात राहिले. ती भूमिका चूक होती असे मी म्हणेन, कारण राज्य मागणाऱ्या जनतेच्या बाजूने उभे राहणे हे त्या वेळी त्यांचे कर्तव्य होते. परंतु ती घुटमळलेल्या माणसाची भूमिका नव्हती. कोणी म्हणेल की नेहरूंची मर्जी राखण्याचा तो हिशेब होता. तसे असेलही, पण मग हिशेबी माणूस आणि घुटमळणारा माणूस या दोन निराळ्या तक्रारी आहेत, आणि आपण त्या एकाच नावाखाली करतो आहोत.

मला आणखी एक गोष्ट मांडावीशी वाटते, कारण पश्चिम महाराष्ट्रातील चर्चेत ती नेहमी मागे पडते. नवे राज्य झाले तेव्हा नागपूरकडच्या लोकांच्या मनात धास्ती होती, आणि पत्रकार ग. त्र्यं. माडखोलकरांनी ती उघड विचारली : हे राज्य मराठी की मराठा? यशवंतरावांनी उत्तर दिले की ते मराठी माणसांचे असेल. शब्द कोणीही देतो, म्हणून कृती पाहावी. महार वतने, म्हणजे गावकीच्या कामाच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या जमिनी व हक्क, रद्द करावीत म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले होते. ती वतने ज्यांत मोडतात ती कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये, यशवंतरावांच्या काळात झाला. धर्मांतर केलेल्या बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती राज्याच्या पातळीवर १९६० पासून मिळाल्या; केंद्राने हेच करायला १९९० साल उजाडले. माझ्या वडिलांचे शिक्षण त्या सवलतीवर झाले. कॉलेजच्या अर्जावरचा तो रकाना भरताना आपला हात थरथरला होता, असे ते सांगत. नवा धर्म लिहिला तर फी भरावी लागेल का, ही भीती त्यांच्या मनात होती. ती भरावी लागली नाही. यात मते मिळवण्याचा विचार नसेलच असे नाही, पण स्वतःच्या जातीतील प्रबळ लोकांना न रुचणारी गोष्ट करण्याची हिंमत त्या माणसात होती, हे नोंदवले पाहिजे.

त्याचबरोबर उणीवही सांगते. सर्वांना सामावून घेणारे जे बेरजेचे राजकारण त्यांनी केले, त्यात विरोधी पक्षांतील चांगली माणसे काँग्रेसमध्ये आली आणि विरोधी पक्ष पोकळ झाले. जिल्हा परिषदा आणि कारखाने ज्यांच्या हाती गेले, त्यांच्यावर वचक ठेवणारे गावात कोणी उरले नाही. हा परिणाम त्यांना दिसला नसेल असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर | कोयनाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. 'जुना वाचक' यांची कसोटी घेऊन मी बसलो होतो, तेवढ्यात 'वैनगंगा' यांनी ती फलटणपाशी अडवली, आणि आता मला वाटते की चर्चेची सुरुवात तिथूनच करावी : १ सप्टेंबर १९६५ ची दुपार आणि १९७९ चे ते चार दिवस शेजारीशेजारी ठेवायचे आणि फलटणची सभा त्यांच्यापैकी कोणाजवळ बसते हे श्रोत्यांनाच विचारायचे. बेरजेच्या राजकारणाविषयीचा मुद्दा आमच्या तालुक्यात बोलणे सोपे जाणार नाही, कारण समोर कारखान्याचे आजीमाजी संचालक बसलेले असतात, पण तो वगळणार नाही.

रविवारी कराडला, यशवंतरावांच्या पत्नीच्या नावाने असलेल्या वेणूताई चव्हाण स्मारकात जाऊन यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह पाहणार आहे. आईच्या वडिलांनी तिथे कधी पाऊल ठेवले नाही. या वेळी आईला बरोबर नेतो आहे. तिने स्वतःच विचारले.

प्रतिसाद ४ | जुना वाचक

फलटणबाबत 'वैनगंगा' यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. मी ती सभा सोयीने बाजूला ठेवली होती. फक्त एक सुचवतो. फलटणच्या वेळी ते ४२ वर्षांचे होते आणि १९७९ मध्ये ६६ वर्षांचे. मधली सतरा वर्षे दिल्लीत, त्यांतली बहुतेक दुसऱ्याच्या मंत्रिमंडळात गेली होती. ज्या खुर्चीत शेवटचा शब्द आपला असतो ती खुर्ची नोव्हेंबर १९६२ मध्ये सुटली आणि पुन्हा मिळाली नाही. चर्चेत वयाचा आणि या सतरा वर्षांचा विचार जरूर व्हावा.