साडेसहा किलो पुस्तकं! तुमच्याकडं काय नवीन आलंय?

तोलाईचा_पोरगा :
रविवारी सहज म्हणून एका पुस्तक प्रदर्शनात शिरलो. किलोवर पुस्तकं, 250 रुपये किलो. घरात सांगून गेलतो की फक्त बघून येतो. तिथल्या पोरानं भरलेला खोका काट्यावर ठेवला आणि म्हणाला, "साडेसहा किलो, काका. सोळाशे पंचवीस." आणि मला एकदम मार्केट यार्डाचा वास आला. खरंच वास. गुळाचा आणि ओल्या पोत्यांचा.

आमचे वडील गुळाच्या अडतीत तोलाईला होते. जन्मभर रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, काट्यावर चढवले आणि उतरवले. शाळा चौथीपर्यंत. पेपरातले मथळे स्वतः वाचायचे, खालचं "तू सांग". सातवीत माझा पहिला नंबर आला तेव्हा महाद्वार रोडला घेऊन गेले, पुस्तक घेतो म्हणाले. मी चित्रांची पातळ पुस्तकं चाळत होतो. ते मात्र एकेक पुस्तक तळहातावर घेऊन तोलायला लागले. उचलायचं, जरा खालीवर करायचं, किंमत विचारायची, ठेवून द्यायचं. दुकानदार बघतच राहिला. शेवटी 'मृत्युंजय' हातात घेतलं आणि मला म्हणाले, "वजनाच्या मानानं ह्येचा दर कमी हाय. ह्येच घेऊ."

सातवीतल्या पोराला मृत्युंजय! दोन वर्षं मी कुंतीपर्यंत जायचो आणि परत फिरायचो. नववीत कावीळ झाली, महिनाभर अंथरुणात, तेव्हा सलग वाचलं. आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात मास्तर होते आणि मास्तरकी करत करतच त्यांनी ते लिहिलं, 1967 ला आलं, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की आमच्या घरात एकच पुस्तक आहे आणि ते जड आहे.

तर खोक्यात 11 पुस्तकं निघाली. दोन रहस्यकथा, विहिरींवरचं एक (का घेतलं विचारू नका), एक प्रवासवर्णन, 'स्मृतिचित्रे' जे आधीच घरात होतं हे घरी आल्यावर कळलं, बाकीची पण बरी आहेत. संकल्प असा की रोज रात्री 20 पानं. आज तिसरा दिवस. एकूण पानं 14.

तुमच्याकडं काय आलंय, कसं आलं, आणि कधी वाचणार, लिहा. खोटं लिहिलं तरी चालेल.

नाद_करायचा_नाय :
प्रदर्शन अजून चालू हाय काय? आणि 250 म्हंजे महागच की ओ. गेल्या साली मी 200 नं घेतलेली.

तोलाईचा_पोरगा :
रविवारीच संपलं.

नाद_करायचा_नाय :
मग आता सांगून काय उपयोग भावा

सुमन_राजारामपुरी :
सत्तरी ओलांडल्यावर मी ठरवलं, आता विकत घ्यायचं नाही. जे आहे तेच माझ्या मागे कोण सांभाळणार, हा प्रश्न आहे. म्हणून करवीर नगर वाचन मंदिरातून आणते. 1850 सालचं ग्रंथालय आहे ते, मुंबई विद्यापीठाहूनही जुनं, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे आणि मुलं दरवर्षी तितक्याच निर्विकारपणे ऐकायची.

सध्या 'ययाति' पुन्हा. चौथ्यांदा. कॉलेजात असताना वाचलं तेव्हा कचासाठी जीव तुटला होता. चाळिशीत शर्मिष्ठा कळली. या खेपेला कच फारच उपदेश करतो असं वाटतंय आणि देवयानीचा राग पटायला लागलाय. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारी वि. स. खांडेकरांची कादंबरी, 1974 चं. नातीला शिवाजी विद्यापीठातल्या खांडेकर संग्रहालयात घेऊन गेले होते. परत येताना म्हणाली, "आजी, एवढं सगळं हातानं लिहायचे?"

तोलाईचा पोरगा, वडील आहेत का अजून?

तोलाईचा_पोरगा :
आहेत की बाई. 83 चालू आहे. रोज गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन येतात, समोर काढलेल्या धारेशिवाय दूध चालत नाही.

शाई_आणि_चहा :
बाळ झोपलंय, पटकन लिहिते. बाळंतपणात वाचायला म्हणून सात पुस्तकं आणली होती. आईनं बाळंतिणीनं वाचू नये, डोळे जातात म्हणून कपाटावर टाकली. मोबाईलवर वाचलेलं तिला कळत नाही म्हणून रात्री पाजताना मोबाईलवर वाचते. अंधारात, एका हातानं. डोळे कशानं जास्त जातील ते आईलाच ठाऊक. आतापर्यंत दीड कादंबरी झालीय आणि खुनी कोण ते मला आधीच कळल

शाई_आणि_चहा :
उठलं. नंतर येते

पंचगंगाकाठ :
2019 चा ऑगस्ट, पुराचा. आमचं घर शुक्रवार पेठेत, खालच्या अंगाला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी, पण आमच्या गल्लीचं गणित वेगळं. दत्ताच्या देवळाच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं की सामान माळ्यावर. धान्य, गॅस, टीव्ही, कागदपत्रं, सगळं चढवलं. पुस्तकांचं कपाट तेवढं राहिलं, कारण हलेना. (तुमच्या वडिलांना बोलवायला पाहिजे होतं.) त्या साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं.

आठव्या दिवशी परत आलो. भिंतींवर छातीएवढी चिखलाची रेघ. कपाटाचं दार उघडेना. मला वाटलं गंजलं असेल. पुस्तकं फुगली होती आणि आतून दाराला रेटत होती. पहारीनं बिजागरी काढली तर एक आख्खा खण विटेसारखा एकसंध बाहेर आला.

मावसबहीण ग्रंथपाल आहे. ती फोनवर ओरडली, उन्हात टाकू नकोस! उन्हात बांधणी वाकडी होते. सावलीत, पंख्याखाली उभी करायची, मध्ये मध्ये कोरा कागद घालायचा आणि तो बदलत राहायचं. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात सगळी होणार नसतील तर पिशव्यांत बांधून फ्रीजरमध्ये टाक म्हणाली. गारठ्यात बुरशी थांबते. मग सवडीनं चार चार काढून वाळवायची. आता एवढा फ्रीजर कुठला? कळंब्याकडं दोस्ताचं आइस्क्रीमचं दुकान आहे. पावसात आइस्क्रीम खातंय कोण, डीप फ्रीजर निम्मा रिकामाच होता. 60 पुस्तकं तीन महिने तिथं होती. दिवाळी होऊन गेली तरी दर रविवारी मी डबा न्यावा तशी चार पुस्तकं घेऊन यायचो. गुळगुळीत कागदाची एकही वाचली नाहीत, पानाला पान चिकटून बसलं. दोनशेवर लगदा झाली, ती महापालिकेच्या ट्रॉलीत गेली. ती गाडी वळेपर्यंत मी काय बघत होतो कुणास ठाऊक.

2021 च्या जुलैत परत पाणी. ह्या वेळी आधी पुस्तकं चढवली. टीव्ही गेला. बायको त्याबद्दल बोलत नाही, म्हणजे रोजच बोलते.

नवीन म्हणाल तर गेलेलीच परत घ्यायला लागलोय. यादी आहे वहीत. 31 झाली. त्यातलं वाचणार काहीच नाही, वाचलेलीच आहेत सगळी. पण पाहिजेत.

रंकाळा_भेळ :
आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये पुराची पुस्तकं??? दुकान कुठलं ते आधी सांगा

पंचगंगाकाठ :
दोन दोन पिशव्यांत बांधलेली होती हो ताई. पिस्त्याच्या डब्याखाली.

रंकाळा_भेळ :
पिस्ता आजपासून बंद. पण तुमचं ते विटेसारखा खण वाचून पोटात तुटलं. आम्ही नागाळा पार्कात, पाणी दारापर्यंत येऊन थांबलं होतं. आमच्याकडं पुस्तकंच नव्हती. म्हणजे पासबुकं होती.

शिरोलीचा_फिटर :
फाउंड्रीत हाय मी. एक हीट, म्हंजे भट्टीतला एक घाणा, निघंपर्यंत जो वेळ मिळतो त्यात वाचतो. सध्या 'झोंबी'. मी कागलचाच. आनंद यादवांचं गाव म्हणून शाळेत नुसतं नाव ऐकलेलं, धडा पाठ केलेला, पुस्तक कधी उघडलं नव्हतं. परवा एक पान वाचलं, बाप शाळा सोडून रानात चल म्हणतोय आणि पोरगं ऐकत नाही. आमच्या आज्जानं बापाला असंच काढलेलं शाळेतनं. बाप ऐकला. सुपरवायझर म्हणाला, डोळ्यात काय गेलं रे? म्हटलं वाळू. फाउंड्रीत हे बरं असतंय, वाळू कायम असती.

नाद_करायचा_नाय :
विषय हार्ड

कपाटवाली :
मध्येच विचारते, माफ करा. जुन्या पुस्तकांना कसर लागलीय, चांदीसारखी चमकणारी. डांबर गोळ्यांनी डोकं दुखतं. काय करावं?

सुमन_राजारामपुरी :
वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा. कडुनिंबाचा पाला चालतो, पण पूर्ण वाळलेला, नाहीतर तोच दमट होऊन बुरशी आणतो. आणि कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, कसरीला ओल लागते. चार बोटं अंतर हवं.

पंचगंगाकाठ :
आणि वर्षातून दोनदा सगळी बाहेर काढून झटका. कष्ट आहेत, पण त्या निमित्तानं कुठलं कुणाकडं गेलंय ते कळतं.

साधासुधा_वाचक :
कुणाकडं गेलंय!! आमच्या साडूंनी 2011 मध्ये एक पुस्तक नेलं, "आठ दिवसांत देतो". परवा त्यांच्याकडं सत्यनारायणाला गेलो तर त्याच पुस्तकावर पाट टेकवून समई ठेवलेली. पाट हलत होता म्हणे. पहिल्या पानावर माझं नाव. तीर्थप्रसाद घेतला आणि गप घरी आलो. देवाखालचं कसं काढायचं?

रंकाळा_भेळ :
उत्तरपूजा झाली की काढायचं हाहाहा

साधासुधा_वाचक :
तेवढ्यासाठी परत जायचं म्हणजे बायको विचारणार, माझ्या बहिणीकडं एरवी तर येत नाही.

अभ्यासिका_सीट_नं_40 :
मी राज्यसेवेची तयारी करतो. माझ्याकडं नवीन म्हणजे चालू घडामोडी, अंकगणित, परत चालू घडामोडी. घरून महिन्याला पैसे येतात त्यात गोष्टीचं पुस्तक घेतलं तर गुन्हा केल्यासारखं होतं. तरी बिंदू चौकाकडून येताना जुन्या पुस्तकांत 'रिंगाण' दिसलं. कृष्णात खोतांचं, 2023 चा साहित्य अकादमी. घेतलं. धरणानं उठवलेल्या माणसांची आणि म्हशींची गोष्ट आहे. आमचंबी गाव उठलेलं, मी जन्मायच्या आधी. आजी अजून जुन्या गावाच्या दिशेनंच तोंड करून बसते संध्याकाळी. पुस्तकाला अर्थशास्त्राच्या गाईडचं कव्हर घातलंय. अभ्यासिकेत शेजारचा मागतोय गाईड. आता काय सांगू त्याला.

सुमन_राजारामपुरी :
बाळा, दे त्याला. त्यालाही बरं वाटेल. आणि परीक्षेचं होईल रे, जेवत जा वेळेवर.

केएमटी_पास :
मी खूण म्हणून केएमटीची, म्हणजे आपल्या सिटी बसची, तिकिटं ठेवतो. जुनी पुस्तकं उघडली की तिकिटं पडतात आणि कुठल्या साली कुठं चाललेलो ते कळतं. एका पुस्तकात मधोमध एक तिकीट आहे, त्याच्यापुढं पुस्तक वाचलेलंच नाही. नोकरी लागली त्या आठवड्यातलं तिकीट. नवीन पुस्तक घेतलेलं नाही, तेच पुढं वाचायचं म्हणतोय. आधीचं आठवत नाही पण.

पुण्यात_अडकलेली_कोल्हापूरकरीण :
गुळाचं काढलंत म्हणून. नवीन गूळ आला का यार्डात? इकडं मिळतो तो गूळ म्हणावा असा नाही. कुणी येणार असेल पुण्याला तर पाच किलोचा रवा आणाल का? पैसे लगेच पाठवते. पुस्तकं पण आणा हवी तर.

नाद_करायचा_नाय :
शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच, आणि तुम्ही पुण्यात बसून गूळ मागायलाय. या की इकडं.

शाई_आणि_चहा :
आले परत. खुनी तो नव्हताच! डॉक्टर निघाला. 🙄 गूळ मला पण हवाय, डिंकाच्या लाडवाला.

रंकाळा_भेळ :
तोलाईचा पोरगा, पानं किती झाली?

तोलाईचा_पोरगा :
19. पण आज एक गंमत झाली. सुमनबाईंनी वडिलांचं विचारलं म्हणून खोका त्यांच्यासमोर नेला. म्हटलं अण्णा, किलोवर आणलीत, साडेसहा किलो. म्हातारा खुश, बघू म्हणाले. अकराही पुस्तकं दोन्ही हातांवर घेतली, डोळे मिटले, जरा खालीवर केली. म्हणाले, "सहा दोनशे."

मी म्हटलं अण्णा, इलेक्ट्रॉनिक काटा होता. ऐकेनात. शेवटी शेजारच्या किराणावाल्याकडं घेऊन गेलो. सहा किलो दोनशे दहा.

अण्णा खोक्याकडं बोट करून म्हणाले, "बारदानासकट मोजलं की रं त्येनं. अन् तू बघत हुबा." पाऊणशे रुपयांचा पुठ्ठा आणला मी.

आता तो खोका टाकून देऊ देत नाहीत. पैसे दिल्यात म्हणतात. त्यात मृत्युंजय ठेवलंय आणि खोका त्यांच्या कॉटखाली गेलाय.

पुण्यात_अडकलेली_कोल्हापूरकरीण :
अण्णांना नमस्कार सांगा. रवा त्यांनाच निवडायला सांगाल का? पाच किलोचा. बारदान वेगळं.