'कॉन्ट्रिब'ची रेघ नक्की कुठे मारायची?

नीरक्षीर
डेबियन या मुक्त (म्हणजे कोड कुणालाही वाचता, बदलता, वाटता येईल अशा) लिनक्स प्रणालीत सॉफ्टवेअरची पॅकेजं विभागांत ठेवतात, आणि त्याचा नियम वाचायला सोपा आहे. 'मेन' विभागातलं पॅकेज बांधायला किंवा चालवायला 'मेन'बाहेरचं काही लागता कामा नये. लागलं, तर त्याचा स्वतःचा परवाना कितीही मुक्त असला तरी त्याची जागा 'कॉन्ट्रिब'मध्ये. संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सचं हेच झालं. कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली, पण त्यातला बायॉस (संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कंपाइल करायला, म्हणजे कोडपासून बांधायला, ओपन वॉटकॉम हा कंपायलर लागतो आणि त्या कंपायलरचा परवाना डेबियनच्या कसोटीला उतरत नाही. एका कंपायलरपायी अख्खं पॅकेज बाहेर.

आता टेलिग्रामचा डेस्कटॉप क्लायंट (आपल्या संगणकावर चालून सर्व्हरशी बोलणारं ॲप) बघा. कोड जीपीएल, सर्व्हरचा कोड बंद, आणि स्वतः बिल्ड करायचं तर एपीआय आयडीसुद्धा (सर्व्हरशी बोलायचा ओळखक्रमांक) त्यांच्याकडूनच घ्यायचा. सर्व्हर बंद पडला तर उरते ती रिकामी खिडकी. हा मात्र खुशाल 'मेन'मध्ये! माझं मत: क्लायंट ज्याच्याशी बोलू शकेल असा एकही मुक्त सर्व्हर नसेल, तर त्याला कॉन्ट्रिबमध्ये टाका.

कळफलक
असहमत. कॉन्ट्रिब ही काळी यादी नाही, तिचे व्यावहारिक परिणाम आहेत. डेबियनची सिक्युरिटी टीम कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेल्या पॅकेजांचा विभाग) सांभाळत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या बायॉसमध्ये चूक निघाली, तर ती दुरुस्त करून पुन्हा बांधायला 'मेन'मधली अवजारं पुरत नाहीत, म्हणून ते बाहेर असणं रास्त. टेलिग्राम क्लायंटमध्ये चूक निघाली तर पॅच लावा, 'मेन'मधल्याच कंपायलरनं बांधा, मोकळे व्हा. सर्व्हरमधली चूक तुम्ही क्लायंट कुठल्याही विभागात ठेवलात तरी दुरुस्त होणार नाही. मग क्लायंट कॉन्ट्रिबमध्ये ढकलून वापरणाऱ्याच्या पदरात काय पडलं? सुरक्षा अपडेट गेले, एवढंच.

नीरक्षीर
पुन्हा बांधता येणं हीच कसोटी असती, तर खेळांचं काय करणार? डूम या खेळाचं इंजिन (खेळ चालवणारा कोड) १९९९ पासून जीपीएल आहे आणि बांधायला मूळ खेळाच्या फाइली लागतच नाहीत. तरी ते 'मेन'मध्ये बसतं ते फ्रीडूम हा मुक्त डेटा उपलब्ध आहे म्हणून. जुने साहसी खेळ चालवणाऱ्या स्कमव्हीएमलाही 'बिनीथ अ स्टील स्काय'सारख्या मोफत केलेल्या खेळांचा आधार आहे. ज्या इंजिनाला एकही मुक्त खेळ नाही, ते कॉन्ट्रिबमध्ये जातं. मग ज्या क्लायंटला एकही मुक्त सर्व्हर नाही, त्याचं काय वेगळं?

जावाचंही तेच. जावा बनवणाऱ्या सन कंपनीनं नोव्हेंबर २००६ मध्ये ती जीपीएलखाली देण्याची घोषणा केली, २००७ मध्ये ओपनजेडीके ही मुक्त जावा आली, आणि आधी कॉन्ट्रिबमध्ये अडकलेले जावा प्रोग्राम 'मेन'च्या वाटेला लागले. त्यासाठी त्यांना आपला परवाना बदलावा लागला नाही. बाहेरच्या गोष्टीची स्थिती विभाग ठरवते, हे डेबियननं कधीच मान्य केलंय.

खुरपं
खेळाचा मुद्दा बिनतोड आहे, पण तुमचा नियम राबवून दाखवा. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेचा कमांड-लाइन क्लायंट घ्या, तोही 'मेन'मध्येच आहे. एस-थ्री या फाइल-साठवण सेवेच्या आज्ञा देताना एंडपॉइंटचा (सर्व्हरचा) पत्ता बदला, तो स्वतःच्या सेफ या साठवण-सॉफ्टवेअरच्या क्लस्टरशी बोलू लागतो. सेफ मुक्त आहे. पण त्याच क्लायंटमध्ये ॲमेझॉनच्या इतर ढीगभर सेवांच्या आज्ञा आहेत आणि त्यातल्या कित्येकांना मुक्त जोडीदार नाही. पॅकेज एकच. कापणार कुठून? एक आज्ञा मुक्त सर्व्हरवर चालली की पास म्हणायचं, तर कुणीही लॉगिनपुरता नकली सर्व्हर दोनशे ओळींत लिहील आणि पास होईल.

डूमच्या डेटाची फाइल डेबियनच्या आर्काइव्हमध्ये (पॅकेजसाठ्यात) आहे की नाही, हे स्क्रिप्ट तपासू शकते. सर्व्हर 'पुरेसा' चालतो का, हे माणसाला तपासावं लागतं, आणि प्रत्येक आवृत्तीला नव्यानं.

तळटीप
म्हणून एफ-ड्रॉइड या मुक्त अँड्रॉइड ॲपच्या भांडाराची रीत मला पटते. बिल्डच्या बाबतीत ते डेबियनइतकेच कडक आहेत. ॲपमध्ये गूगलच्या फायरबेस किंवा प्ले सर्व्हिसेसची बंदिस्त लायब्ररी असेल तर स्कॅनर बिल्ड अडवतो. डेव्हलपरला ती वगळलेला वेगळा फ्लेवर (आवृत्ती) द्यावा लागतो. सेवेच्या बाबतीत मात्र हाकलत नाहीत, लेबल लावतात. सेवा बंदिस्त असेल तर 'नॉन-फ्री-नेट', पत्ता बदलता येत नसेल तर 'टेदर्ड-नेट', दुसरं बंदिस्त ॲप लागत असेल तर 'नॉन-फ्री-डेप'. शिवाय मेटाडेटात कारण लिहिता येतं.

पुश नोटिफिकेशनबद्दल एक इशारा, कारण नोटिफिकेशन पोहोचवणारा फायरबेस काढला की तक्रारी तिथूनच येतात. ॲपला सर्व्हरशी स्वतःचं कनेक्शन धरून ठेवावं लागतं, आणि स्क्रीन बंद होऊन फोन डोझ या बॅटरी वाचवणाऱ्या अवस्थेत गेला की अँड्रॉइड ते तोडतं. उपाय दोन: फोरग्राउंड सर्व्हिस (त्यासाठी नोटिफिकेशन दाखवावी लागते) आणि बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून सूट, किंवा युनिफाइडपुश (एकाच ॲपनं सगळ्यांच्या नोटिफिकेशन पोहोचवण्याची मुक्त पद्धत). पहिला उपाय प्रत्येक ॲपनं वेगळा केला की बॅटरी भराभर उतरते.

नीरक्षीर
लेबलं बोथट आहेत. यूट्यूब दाखवणारं न्यूपाइप हे ॲप पीअरट्यूब ही मुक्त व्हिडिओ सेवाही दाखवतं, तरी त्याला 'नॉन-फ्री-नेट', आणि टेलिग्रामच्या एफ-ड्रॉइड आवृत्तीलाही तेच. आणि डेबियनमध्ये तेवढंही नाही. मशीनवर किती बंदिस्त पॅकेजं आहेत हे मोजणारी पूर्वीची 'व्हीआरएमएस' आज्ञा फक्त विभाग बघते. टेलिग्राम तिला दिसतच नाही.

कळफलक
मग विभागाला हात न लावता पॅकेजच्या वर्णनात एक ओळ सक्तीची करा: कोणती सेवा लागते, पत्ता बदलता येतो का. २०२२ च्या मतदानानंतर डेबियन १२ मध्ये फर्मवेअरसाठी (हार्डवेअर चालवायला लागणाऱ्या बंदिस्त कोडसाठी) नवा विभाग निघाला, तो इन्स्टॉलर वायफायविना अडून बसत होता म्हणून. इथे काहीच अडत नाहीये.

रफार
अवजारांची बाजू अर्धवट राहिली. देवनागरी फॉन्ट घ्या. परवाना ओएफएल हा मुक्त, पण स्रोत ग्लिफ्स या फक्त मॅकवर चालणाऱ्या विकतच्या ॲपच्या फाइलींत. नीरक्षीर, हा तुमच्या मते कॉन्ट्रिब?

नीरक्षीर
नाही. ग्लिफ्सची फाइल साधा मजकूर असते आणि फॉन्टमेक हे मुक्त अवजार ती वाचून टीटीएफ (तयार फॉन्टची फाइल) बांधतं. लेखकानं कुठलं ॲप वापरलं हे गौण, मुक्त अवजारानं बांधता आलं की झालं. जुन्या फॉन्टलॅब या ॲपच्या व्हीएफबी फाइली बायनरी असतात, तिथे अवघड आहे.

रफार
अवघड म्हणजे लोक तयार टीटीएफच पॅकेज करतात. त्यात रफार आणि अर्ध्या अक्षरांचे नियम जीसब या अक्षरांची रूपं बदलणाऱ्या टेबलात कंपाइल होऊन बसलेले असतात. फॉन्टफोर्ज या मुक्त संपादकात उघडून एखादं जोडाक्षर सुधारता येईल, पण सगळ्या वजनांचे (अक्षरांच्या जाडीच्या प्रकारांचे) मूळ मास्टर, म्हणजे रेखाटनं, त्यात नाहीत, त्यामुळे प्रत्येक वजनात तीच दुरुस्ती हातानं. असे फॉन्ट 'मेन'मध्ये आहेत. टेलिग्रामच्या आधी ते बाहेर काढणार का?