एकाच हॉलमध्ये सगळे पट्टे: क्रमाने शिकवायचं की फिरता अभ्यासक्रम लावायचा?

विश्रामबागकर (धागा सुरू करणारा)

सांगलीत संध्याकाळचा शोतोकान कराटेचा क्लास चालवतो. हॉल एक, वेळ एक तास, शिकवणारा मी एकटा. समोर दुसरीतल्या पांढऱ्या पट्ट्यापासून दहावीतल्या तपकिरी पट्ट्यापर्यंत सगळी पोरं एकत्र.

रीत अशी की प्रत्येक पट्ट्याला आपापला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींचा संच. सुरुवातीला हेयान शोदान, मग निदान, सांदान, योंदान, गोदान आणि तपकिरीला तेक्की शोदान. वॉर्मअप आणि किहोन (मूळ ठोसे, ब्लॉक, किकचा सराव) एकत्र झालं की गट पाडायचे. इथंच सगळं बिघडतं. हिरव्या पट्ट्यांना योंदानातली किक दाखवत असतो, तोवर मागे पिवळे पट्टे चुकीचं वळण घोटून पक्कं करतात. जोडीने करायचा कुमिते, म्हणजे लढतीचा सराव, शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. म्हणजे लढण्याची विद्या शिकायला आलेलं मूल आठवडाभरात कुणासमोर नीट उभंच राहत नाही.

माझं ठाम मत: पांढरे वेगळे ठेवा, तपकिरी वेगळे ठेवा, मधल्या सगळ्या रंगांना एका तिमाहीत एकच काता द्या. या तिमाहीत सांदान, पुढच्या तिमाहीत योंदान, असं चक्र फिरत राहील. नवीन मूल जिथं चक्र असेल तिथून बसेल. परीक्षेला काता सगळ्यांना तोच, पण अपेक्षा वेगळी. पिवळ्याने क्रम न चुकता करावा, निळ्याने त्यातला प्रत्येक ब्लॉक जोडीदारावर लावून दाखवावा. गट कमी झाले की जो वेळ वाचेल, तो सगळा जोडीच्या सरावाला.

क्रम मोडतोय म्हणून नाराज होणाऱ्यांसाठी: हे पाच हेयान काता ओकिनावाचे कराटे गुरू इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांसाठी बसवले. पुढे शोतोकानचे संस्थापक फुनाकोशींनी त्यातल्या पहिल्या दोघांची अदलाबदल केली. क्रम त्यांनाही बदलता आला. आणि सांदानमध्ये २० हालचाली आहेत, निदानमध्ये २६. नंतरचं ते अवघडच असतं असं नाही.

पोवईनाका_सातारा

सर, फुनाकोशींचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. त्यांनी अदलाबदल का केली? जो सोपा होता तो दुसऱ्या नंबरवर होता, म्हणून तो पहिला आणला. म्हणजे क्रम महत्त्वाचा वाटला म्हणूनच बदलला.

आता काताच्या आत बघा. हेयान शोदान जवळजवळ सगळा झेनकुत्सुदाचीत आहे, म्हणजे वजन पुढच्या पायावर ठेवून उभं राहायचं. कोकुत्सुदाची, म्हणजे वजन मागच्या पायावर, येते ती अगदी शेवटच्या चार हालचालींत. आणि निदान सुरूच कोकुत्सुदाचीत होतो. पहिल्याच्या शेवटाला जे जेमतेम चाखलं, त्यावर दुसरा उभा राहतो. ही गुंफण उगाच नाही. तुमचं मूल शोदान करून थेट गोदानच्या तिमाहीत बसलं, तर उडी मारून खाली उतरताना त्याचा गुडघा कुठं जाईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

हालचाली मोजून काता सोपा-अवघड ठरत नाही. सांदान लहान आहे, पण त्यातले एकाच वेळी दोन हातांचे ब्लॉक सातवीतल्या पोरालाही महिनाभर छळतात.

तुमची अडचण अभ्यासक्रमाची नाही, माणसांची आहे. तपकिरी पट्ट्यांना खालचे गट सांभाळायला द्या. आमच्याकडे तेच चालतं.

विश्रामबागकर

तपकिरी म्हणजे दहावीची पोरं. दिवाळीनंतर बोर्डाच्या नावाखाली ती येतच नाहीत. त्यांच्या भरवशावर वर्षाचं नियोजन कसं करू?

कृष्णाकाठची_तालीम

तुमचं दोघांचं वाचलं. आमच्या तालमीत पट्टे न्हाईत, तक्ता न्हाई, तरी पोरं तयार होत्यात, म्हणून लिहितो.

नवं पोरगं आलं की आधी हौद्यातली, म्हंजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरायची. तेल, ताक, हळद मुरवलेली माती खालवर करता करता खांदा आणि कंबर उघडते. मग जोर, बैठका. डाव मागून मिळत न्हाई, वस्ताद अंगलट बघून देत्यात. बुटकं, खाली घुसणारं पोरगं असलं तर त्याला एकेरी पट, म्हंजे एक पाय धरून पाडायचा डाव. लांब तंगड्याचं असलं तर टांग, म्हंजे पाय घालून पाडायचा डाव. आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकात कांस्य आणलं ते ५७ किलोत. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ ला जकार्त्याच्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं ते लाइट हेवीवेट या भारी वजनाच्या गटात. दोघांच्या हातात एकच छापील कागद देऊन चाललं असतं का?

तुम्ही दोघंबी पोराला कातापुढं उभं करताय. क्रमानं द्या न्हाईतर फिरवून द्या, काता तर सगळ्यांना तोच. पोरगं बघून काय ठरतंय? आमच्यात पहिल्या आठवड्यात जोड मिळते. लढत रोज. जोड मात्र वस्ताद लावणार, ती पोरानं निवडायची न्हाई.

मिरजेची_आई

मी शिकवत नाही, माझी मुलगी शिकते. पण एक विचारते. माझी बँकेची नोकरी, बदली कधीही साताऱ्याला होऊ शकते. तिने तुमच्या चक्रात सांदान आणि गोदान केला, निदान राहिला. मग पोवई नाक्यावरच्या सरांकडे ती कुठल्या ओळीत उभी राहणार? कमरेला हिरवा पट्टा आणि निदान येत नाही, म्हणून तिला मागे पाठवलं तर ती क्लासच सोडेल. अकरा वर्षांची मुलगी या गोष्टीने फार दुखावते.

विश्रामबागकर

ताई, हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक मुलाचं कार्ड ठेवणार: कुठला काता कधी झाला, जोडीदारावर लावून दाखवला की नुसता पाठ आहे. कार्ड बघून पुढच्या सरांना पाच मिनिटांत अंदाज येईल. पट्ट्याच्या रंगावरून तेवढा कधीच येत नाही.

वस्ताद, पहिल्या आठवड्यात जोड हे तुमचं वाक्य माझ्या सगळ्या मांडणीचं मूळ आहे.

पोवईनाका_सातारा

कार्ड ठीक. पण संघटनेचा परीक्षक बाहेरून येतो. त्याच्या तक्त्यात ज्या रंगासमोर योंदान लिहिलंय, त्या रंगाकडून तो योंदानच मागणार. तुम्ही त्याला चक्र समजावत बसणार का? फी भरून बसलेल्या पालकांसमोर?

कराड_ज्युदो

आमच्या बाजूने एक सांगतो. ज्युदोचे संस्थापक कानोंनी ज्युदोच्या फेका पाच गटांत लावल्या, आधी १८९५ ला, मग १९२० ला सुधारून प्रत्येक गटात आठ अशा ४० केल्या. तो क्रम आम्ही सरावात पुढेमागे करतो, त्यात काही अडत नाही. पण उकेमी, म्हणजे पडायचं कसं, हे आधीच. तिथं फिरवाफिरवी नाही. नीट पडता न येणाऱ्या मुलाला कुणी ओसोतोगारी, म्हणजे पाय उडवून मागे पाडायची फेक, मारली तर डोकं मॅटवर आपटतं.

म्हणून माझं म्हणणं, दोन याद्या करा. ज्याने इजा होऊ शकते ते कडक क्रमाने, बाकीचं फिरवा. गोदानची उडी पहिल्या यादीत, सांदान दुसऱ्या.

आणि वस्ताद, जोड लवकर हे मान्य, पण तुमच्या हौद्यात माती मऊ असते. कराटेच्या हॉलमध्ये फरशी आहे.

कृष्णाकाठची_तालीम

फरशीचं खरं हाय. ते मी धरलं नव्हतं.

विश्रामबागकर

दोन याद्या चालतील. गोदान चक्रातून काढून फक्त निळ्यांना ठेवतो, जोडीचा सराव सुरुवातीला ठरलेल्या एकाच हल्ल्याचा, इप्पोन कुमिते. चक्र बाकीच्या तिघांचं, निदान, सांदान आणि योंदान. त्यावर मी कायम आहे. परीक्षकाशी बोलणं मला करावंच लागेल, पण परीक्षकाच्या तक्त्यासाठी पोरांचा अर्धा तास ओळीत उभं राहण्यात घालवणं मला पटत नाही.

पोवईनाका_सातारा

मला अजून पटलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तुमची निळ्या पट्ट्याची पोरं घेऊन या, मी माझी आणतो. काता तुम्ही सांगा, जोड्या मी लावतो. हॉल कराडच्या सरांनी द्यावा.

कराड_ज्युदो

दिला. मॅटसकट.