आईचे ठसे उमटत नाहीत, ई-गेटमधून कसं न्यायचं? (मुंबई–सिंगापूर)

ठाणेकरीण: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई आणि मी सिंगापूरला चाललोय, भावाकडे. आई ६८ची, पहिलाच परदेश प्रवास. ते फास्ट ट्रॅक इमिग्रेशन (एफटीआय-टीटीपी, म्हणजे आधी नोंदणी करून आपल्या विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेऐवजी ई-गेटमधून, यंत्राच्या दारातून जायची सरकारी सोय) दोघींचं करून घ्यावं का? अडचण अशी की तिचे ठसे कुठेच उमटत नाहीत. जन्मभर भाकऱ्या थापल्या, राखेने भांडी घासली, अंगठा पार गुळगुळीत झालाय. रेशनच्या दुकानात मशीन 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं आणि ही दर वेळी मशीनलाच सॉरी म्हणते. चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, तर सगळं यंत्रावरच आहे म्हणे. मी काचेच्या दारापलीकडे आणि ती अलीकडे राहिली तर?

डोंबिवली फास्ट: आमच्या दोघांचं केलंय. फुकट आहे, एजंटला दमडी देऊ नका. अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर, मंजूर झाला की बोटं आणि चेहरा द्यायला जायचं. नोंदणी ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. दिल्लीला जून २०२४मध्ये आलं, मुंबईला जानेवारी २०२५मध्ये. वयाची अट ७०ची, म्हणून आमचे बाबा बाद. पण खरं सांगू? एका फेरीसाठी एवढा खटाटोप कशाला? साध्या रांगेत तुम्ही आईच्या शेजारी तरी असाल.

सातारची सून, सध्या सिंगापूर: ताई, माझ्या सासूबाई गेल्या वर्षी आल्या, ७१ वर्षांच्या, बोटांची तीच कथा. चांगीला मे २०२४पासून पहिल्यांदा येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनाही यंत्राची रांग खुली आहे, वेगळी नोंदणी लागत नाही. तिथे मुख्य काम चेहरा आणि डोळ्यांच्या बुबुळांवर चालतं, त्यामुळे अंगठ्याची धास्ती सोडा.

आमचं अडलं ते भलत्याच ठिकाणी. पासपोर्टला टूरवाल्याने दिलेलं जाड प्लास्टिकचं कव्हर! पान काचेवर सपाट बसेना. सासूबाई काही कव्हर काढायला तयार नाहीत, "नवं आहे गं, मळेल." शेवटी मीच ओरबाडून काढलं. मग आत गेल्या तर डोक्यावर पदर, डोळ्यांवर चष्मा आणि कॅमेऱ्याला हात जोडून नमस्कार. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, त्यांनी पुन्हा नमस्कार केला. तिथली कर्मचारी मुलगी आली, खुणेनेच चष्मा काढायला लावला, पदर मागे सारला, आणि दार उघडलं. नाहीच जमलं तर बाजूच्या माणसाच्या काउंटरवर पाठवतात, परत कोणी पाठवत नाही. तुम्ही आईला पुढे घाला आणि स्वतः मागून जा. उलटं केलंत तर खरंच काचेपलीकडून हातवारे करत बसाल.

बोटीवरचा बाळ्या: वरच्या ताईंनी एक सांगायचं राहिलं. सिंगापूरला पासपोर्टवर शिक्का बसत नाही. किती दिवस राहता येईल ते ईमेलवर येतं, म्हणून अरायव्हल कार्ड (सिंगापूर प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) भरताना आईच्या नावापुढेही स्वतःचाच ईमेल टाका. कार्ड पोहोचण्याच्या आधी ३ दिवसांच्या आत भरायचं, सरकारी साइटवर फुकट. पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट आहेत, मी एकदा फसलोय. आणि बोर्डिंग पास फेकू नका. आम्हा जहाजवाल्यांना देशाबाहेरचे दिवस आयकरासाठी मोजावे लागतात, शिक्का नसला की तोच कागद कामी येतो.

ठाणेकरीण: सगळ्यांचे आभार. मुंबईत साधी रांगच धरते. सातारच्या ताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती कपाटाच्या आरशासमोर चष्मा काढून, पदर मागे घेऊन उभी राहिली आणि विचारतेय, "हसलं तर चालतं का गं?"

सातारची सून, सध्या सिंगापूर: नाही चालत! आल्यावर हसा म्हणावं. आणि येताना भाजणी आणा, इथल्या पिठाची थालीपीठं तुटतात.